मोठी मोटर चालू करताच ब्रेकर पडतो, तेव्हा काय बघायचं

स्टार्टचं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) खट्कन बसला, मोटरने एक हुंकार दिला आणि पॅनलमध्ये धप् आवाज झाला. ब्रेकर पडला. पुढे काय होतं ते या कामात नवीन आलेल्यांनीही एव्हाना पाहिलेलं असतं. कोणीतरी हँडल पुन्हा चढवतं, पुन्हा बटण, पुन्हा धप्. तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणतं, "ब्रेकर कमजोर झालाय, मोठा टाका." नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सेटिंगची चकती फिरवून टाकतं.

हँडलला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा : ब्रेकर नेमका कधी पडला? बटण दाबल्याच्या क्षणी, पाच-दहा सेकंदांनी, स्टार-डेल्टा स्टार्टर मोटरला सुरुवातीच्या स्टार जोडणीतून पुढच्या डेल्टा जोडणीत नेताना, की मोटर पूर्ण वेगात येऊन गेल्यावर? सगळा तपास या उत्तरावर उभा आहे. हा लेख १००० व्होल्टच्या आतल्या तीन फेज इंडक्शन मोटरबद्दल आहे, साधारण १५-२० किलोवॅटपासून पुढच्या.

पॅनल उघडण्याआधी

मेन ब्रेकर बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि 'काम चालू आहे' ही पाटी अडकवा. मग वीज खरोखर गेली आहे का ते मीटरने बघा. मीटर आधी चालू असलेल्या जागी लावून तो व्होल्टेज दाखवतो याची खात्री करा, मग बंद केलेल्या जागी लावा आणि शेवटी परत चालू जागी. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो, म्हणून हे तीन वेळा बघणं टाळू नका.

पॉवर फॅक्टरसाठी लावलेले कपॅसिटर आणि ड्राइव्हमधली (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातली) डीसी बस वीज बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेली राहतात. ड्राइव्हवर छापलेला वेळ थांबा आणि त्यानंतरही मोजूनच हात लावा.

पडलेला ब्रेकर पॅनलचं दार उघडं ठेवून, त्याच्या समोर उभं राहून चढवू नका. आत खरोखर शॉर्ट असेल तर आर्कचा झोत थेट तोंडावर येतो. चालू पॅनलवर मोजमाप करण्याचं प्रशिक्षण तुम्हाला मिळालेलं नसेल, तर ते काम जाणत्या माणसाला करू द्या आणि तुम्ही आकडे लिहून घ्या. आकडे लिहिणारा माणूस या तपासात फार उपयोगाचा असतो.

मोटर एवढा करंट का ओढते

थांबलेली इंडक्शन मोटर म्हणजे सेकंडरी शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर समजा. रोटर जागचा हललेला नसतो तोवर ती नेमप्लेटवरच्या फुल लोड करंटच्या ६ ते ८ पट करंट घेते. जास्त कार्यक्षमतेच्या नव्या मोटरींमध्ये हा आकडा आणखी वर गेलेला दिसतो. वेग वाढू लागला की करंट लगेच उतरेल असं वाटतं, पण तसं होत नाही. वेग बराच वाढेपर्यंत तो वरच रेंगाळतो आणि शेवटच्या टप्प्यात झपकन खाली येतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. वीज जोडली त्या क्षणी व्होल्टेजची लाट कुठे होती, त्यावर पहिल्या एक-दोन सायकलमधली उसळी ठरते. लाट शून्यावर असताना कॉन्टॅक्टर बसला, तर करंटला डीसी भाग चिकटतो आणि पहिलं शिखर खूप उंच जातं. ही उसळी ५० हर्ट्झला पाच-दहा सायकलमध्ये, म्हणजे १००-२०० मिलिसेकंदांत विरून जाते. तुमच्या टाँग टेस्टरला (केबलभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरला) ती दिसतही नाही, ब्रेकरला मात्र दिसते.

म्हणजे ब्रेकरला दोन वेगळ्या गोष्टी सोसायच्या आहेत : क्षणभराची उसळी आणि काही सेकंद टिकणारा सुरुवातीचा करंट. उसळीशी गाठ पडते ती ब्रेकरच्या तत्क्षणी पाडणाऱ्या मॅग्नेटिक भागाची, तर लांबलेल्या करंटशी तापून उशिरा पाडणाऱ्या थर्मल भागाची. आता 'कधी पडला' या प्रश्नाचा अर्थ लक्षात येईल.

पायरी १ : पडलं कोण?

'ब्रेकर पडला' असं सगळेच सांगतात, पण नीट बघितलं तर कधी ओव्हरलोड रिले (जादा करंट टिकून राहिला की मोटर थांबवणारा) पडलेला असतो, कधी अर्थ-लीकेज रिले (करंट जमिनीकडे गळला की पडणारा), तर कधी काहीच पडलेलं नसतं, नुसता कॉन्टॅक्टर सुटलेला असतो.

एमसीसीबी (मोठ्या करंटसाठीचा, बंद पेटीतला ब्रेकर) पडला असेल तर त्याचं हँडल मधल्या जागी थांबलेलं दिसेल. तो चढवताना आधी पूर्ण खाली, म्हणजे ऑफकडे दाबून घ्यावा लागतो आणि मगच वर जातो. नवा माणूस हँडल थेट वर ढकलतो, ते बसत नाही आणि ब्रेकर खराब झाला असा निष्कर्ष निघतो. ओव्हरलोड रिलेवर ट्रिपची खूण किंवा बाहेर आलेलं बटण दिसतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटवर तर कारणच लिहिलेलं असतं : एल म्हणजे ओव्हरलोड, एस म्हणजे थोड्या विलंबाने पडणारं शॉर्ट सर्किट संरक्षण, आय म्हणजे तत्क्षणी पडणारं आणि जी म्हणजे अर्थ फॉल्ट. रीसेट करण्याआधी त्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा, कारण काही युनिटवर रीसेट केल्यावर ही माहिती पुसली जाते.

कॉन्टॅक्टर सुटण्याचा प्रकार फसवा असतो. मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं. कंट्रोल सप्लाय त्याच लाइनवरून घेतलेला असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉइललाही कमी व्होल्टेज मिळतं. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकानुसार एसी कॉइलने ८५ टक्क्यांपर्यंतच्या व्होल्टेजवर बसायला हवं, आणि सुटण्याची मर्यादा ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते. व्होल्टेज या पट्ट्यात हेलकावत राहिलं तर कॉन्टॅक्टर फडफडतो, आणि प्रत्येक फडफडीला मोटर नव्याने जोडली जाते, म्हणजे उसळी पुन्हा. अशाने चांगला ब्रेकरही पडतो. पॅनलमधून खडखड ऐकू आली तर ब्रेकर सोडा, आधी कंट्रोल व्होल्टेज मोजा. एअर सर्किट ब्रेकरला अंडरव्होल्टेज कॉइल असेल तर तीही याच कारणाने सुटू शकते.

पायरी २ : वेळ मोजा

अंदाजाने 'लगेच पडला' म्हणू नका. मोबाइलवर अमीटर आणि ब्रेकर दोन्ही दिसतील असा, आवाजासह व्हिडिओ काढा. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. कॉन्टॅक्टरचा खट् आणि ब्रेकरचा धप् यांच्यामध्ये किती फ्रेम गेल्या ते मोजलं की दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होतं.

हा व्हिडिओ पुढच्या चाचणीच्या वेळी काढायचा आहे, आणि ती चाचणी पायरी ३ झाल्यावरच. पहिल्यांदा पडला तेव्हा काय झालं ते तिथे हजर असलेल्या माणसाला विचारा : शाफ्ट हलला होता का, दिवे मंद झाले होते का, वास आला का.

ढोबळ वाटणी अशी. एक-दोन फ्रेममध्ये पडला, शाफ्ट जागचा हललाही नाही : शॉर्ट, अर्थ फॉल्ट किंवा मॅग्नेटिक सेटिंग कमी. तीन ते तीस सेकंदांत पडला, मोटर फिरत होती पण वेग घेत नव्हती : भार, व्होल्टेज, चुकीची जोडणी किंवा एखादी फेज गायब. ठरावीक सेकंदांनी, बरोबर टायमर बदलताना : स्टार-डेल्टाचा सांधा. मोटर नीट सुरू झाली आणि मिनिटांनी किंवा तासांनी पडला : हा मुळात सुरू होण्याचा प्रश्नच नाही, ओव्हरलोड, ढिली जोडणी किंवा पॅनलमधली उष्णता बघा.

पायरी ३ : वीज बंद असताना काय तपासायचं

ही पायरी कधीही गाळू नका. ब्रेकर शॉर्ट सर्किट तोडू शकतो, पण कितीही वेळा नाही. आयईसी ६०९४७-२ मध्ये ब्रेकरची कमाल तोडण्याची क्षमता तपासताना एकदा तोडणं आणि थोड्या वेळाने फॉल्टवरच चढवून पुन्हा तोडणं, एवढाच क्रम आहे. त्या चाचणीनंतर ब्रेकर आपला पूर्ण करंट वाहून नेऊ शकेल अशी अपेक्षाही ठेवलेली नाही. मोठ्या फॉल्टवर चारदा हँडल चढवणारा माणूस ब्रेकरचा जीव काढत असतो, आणि मोटरच्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनला लहानसं छिद्र असेल तर तिथला लोखंडी कोअरही वितळवत असतो. मग रिवाइंडिंगवर भागायचं काम नव्या मोटरवर जातं.

आधी डोळे आणि नाक. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. पाणी, काळपटपणा, जळका वास, सुटलेलं लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), उंदराने कुरतडलेली केबल. यातलं काहीतरी सापडण्याचे प्रसंग बरेच येतात.

मग शाफ्ट हाताने फिरवून बघा. मोठ्या मोटरला कपलिंगवर लीव्हर लावावा लागेल. अडखळतो का, घासतो का? पंपात काही अडकलं असेल, बेअरिंग बसलं असेल किंवा ब्रेक सुटतच नसेल, तर ते इथेच कळतं.

आता मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर. मोटर ४०० व्होल्टच्या वर्गातली असेल तर ५०० व्होल्टचा मेगर वापरा. ड्राइव्ह, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण), कपॅसिटर, सर्ज अरेस्टर सगळं सोडवून ठेवा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर तो गेलाच म्हणून समजा. मोटरच्या टर्मिनलवर केबल सोडा, म्हणजे केबल आणि मोटर वेगवेगळ्या तपासता येतील. प्रत्येक फेज ते बॉडी, आणि सहा टोकं मोकळी असतील तर फेज ते फेज, एक मिनिटाचं वाचन घ्या. चांगल्या, कोरड्या मोटरला शेकडो मेगाओहम सहज येतात. आयईईई ४३ या मार्गदर्शक मानकात १००० व्होल्टच्या आतल्या बहुतेक वाइंडिंगसाठी ४० अंश सेल्सिअसला किमान ५ मेगाओहम सांगितले आहेत. त्याखाली वाचन आलं तर मोटर चालू करू नका, आधी वाळवा आणि पुन्हा मोजा. मोजून झाल्यावर वाइंडिंग अर्थला टेकवून मोकळं करायला विसरू नका, त्यात चार्ज साठलेला असतो.

मेगर चांगला आला म्हणजे मोटर चांगली, असं मात्र धरून चालू नका. एकाच कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झाले असतील तर बॉडीपर्यंतचं इन्सुलेशन ठणठणीत दिसतं. त्यासाठी तिन्ही वाइंडिंगचे रोध मोजून आपसात ताडून बघायचे असतात. मोठ्या मोटरचा रोध एका ओहमच्याही बराच खाली असतो, तिथे साधा मल्टिमीटर काही कामाचा नाही. चार वायरींचा मिली-ओहममीटर लागतो. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एखादा पाच-सात टक्क्यांनी वेगळा निघाला तर वाइंडिंग किंवा आतली जोडणी संशयास्पद समजा.

शेवटी, ब्रेकरपासून मोटरपर्यंत प्रत्येक टर्मिनल आवळून बघा, आणि कॉन्टॅक्टरची तिन्ही टोकं एकसारखी झिजली आहेत का तेही.

पायरी ४ : बटण दाबताक्षणी पडतो

मेगरमध्ये केबल किंवा मोटर नापास झाली असेल तर उत्तर हातात आहेच. दोन्ही पास झाल्या, तरीही पडतो? मग आकडेमोड करा. मी एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण या जागी लोक डोळे झाकून सेटिंग वाढवतात.

मोटर ७५ किलोवॅट, ४०० व्होल्ट, नेमप्लेटवर १३४ अँपिअर. सुरुवातीचा करंट ७ पट धरला तर ९३८ अँपिअर. पहिल्या सायकलमधल्या डीसी भागामुळे वाईट क्षणी हा सुमारे १.७ पट भासतो, म्हणजे १५९५ अँपिअरच्या आसपास. ब्रेकर १६० अँपिअरचा, मॅग्नेटिक सेटिंग १० पट, म्हणजे १६०० अँपिअर. कागदावर बसतंय असं वाटतं. पण मॅग्नेटिक ट्रिपला २० टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते. तुमच्या हातातला ब्रेकर १२८० ला पडेल किंवा १९२० ला, दोन्ही त्याच्या हद्दीतच.

आता कळेल की हीच मोटर दहापैकी सात वेळा बिनतक्रार सुरू होते आणि तीनदा ब्रेकर पाडते, ते का. दोष कुठेच नसतो. बटण दाबलं त्या क्षणी लाट कुठे होती एवढाच फरक. मी एका ब्लोअरवर हा प्रकार बघितला आहे. दोनदा मोटर उतरवून तपासायला पाठवली गेली, दोन्ही वेळा निर्दोष परत आली आणि तिसऱ्या महिन्यात कोणीतरी शांतपणे बसून वरची चार ओळींची आकडेमोड केली. तोवर वाया गेलेला वेळ आणि माणसांची दमछाक आठवली की आजही वाईट वाटतं, म्हणून ही आकडेमोड आधी करा असं मी कळकळीने सांगतो.

या उदाहरणात मॅग्नेटिक सेटिंग १३ पटीवर, म्हणजे २०८० अँपिअरवर नेली तर खालची हद्द १६६४ येते आणि उसळी त्याच्याखाली राहते. पण वितरणासाठी बनवलेल्या साध्या एमसीसीबीची चकती बऱ्याचदा १० पटीवरच संपते. मोटरसाठी खास बनवलेले ब्रेकर १२-१३ पटीपर्यंत जातात. छोट्या मोटरवर एमसीबी (लहान ब्रेकर) असेल तर सी कर्व्ह ५ ते १० पटीत पडतो आणि डी कर्व्ह १० ते २० पटीत. सी काढून डी लावल्यावर प्रश्न सुटला, असं घडतं ते यामुळे.

सेटिंग वाढवण्याआधी दुसरी बाजूही तपासायची. २०८० ची वरची हद्द २४९६ अँपिअर. केबलच्या मोटरकडच्या टोकाला शॉर्ट किंवा अर्थ फॉल्ट झाला, तर तिथे एवढा करंट वाहील का? केबल लांब आणि बारीक असेल तर कदाचित नाही वाहणार. मग ब्रेकर तत्क्षणी पडणार नाही आणि केबल तापत राहील. हा हिशेब जमत नसेल तर सेटिंगला हात न लावता सुरू करण्याची पद्धत बदला.

अर्थ-लीकेज किंवा अर्थ फॉल्टवर पडत असेल आणि इन्सुलेशन चांगलं असेल, तर तीन वेगळ्या सीटींची (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची) बेरीज करून अर्थ फॉल्ट ओळखणारी पद्धत आहे का बघा. सुरुवातीच्या उसळीत एखादी सीटी संपृक्त होते आणि नसलेला अर्थ फॉल्ट दिसू लागतो. तिन्ही फेज एकाच कड्यातून जाणारी कोअर बॅलन्स सीटी लावली की हा त्रास बहुतेक वेळा जातो.

आणखी दोन कारणं लक्षात ठेवा. मोटर थांबता थांबता, शाफ्ट अजून फिरत असताना पुन्हा स्टार्ट दिला, तर मोटरमध्ये उरलेलं व्होल्टेज लाइनच्या उलट दिशेला असू शकतं आणि झटका नेहमीच्या उसळीपेक्षाही मोठा बसतो. मोटर पूर्ण थांबू द्या, किंवा पुन्हा सुरू होण्याला टायमर लावा. दुसरं, स्लिप रिंग मोटर. तिचा रोटर रेझिस्टन्स पूर्ण आत असतानाच ती सुरू करायची असते. हँडल आधीच शेवटच्या खुंटीवर राहिलं असेल तर ती साध्या मोटरसारखा करंट ओढते.

पायरी ५ : काही सेकंदांनी पडतो

इथे मोटर सुरू व्हायला धडपडत असते आणि थर्मल भाग किंवा ओव्हरलोड रिले सहन करून करून शेवटी सोडतो. सर्वांत आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट बघा, मोटर सुरू होत असताना, मोटरच्या जवळात जवळच्या जागी.

एक फेज नसेल तर मोटर जागेवर घों-घों करते आणि फिरत नाही. उडालेला फ्यूज, जळालेलं कॉन्टॅक्टरचं टोक, तुटलेलं लग. अशा मोटरला हाताने ढकलून 'चालू करून देण्याचा' मोह टाळा.

तिन्ही फेज आहेत पण असमान आहेत? समजा ४०२, ३९८ आणि ३८५ व्होल्ट. सरासरी ३९५, सर्वांत जास्त फरक १०, म्हणजे असमतोल २.५ टक्के. दिसायला किरकोळ वाटतं, पण करंटमधला असमतोल व्होल्टेजच्या असमतोलाच्या ६ ते १० पट होऊ शकतो. एक फेज १५-२५ टक्के जास्त ओढते आणि तीच रिलेला पाडते. असमतोल १ टक्क्याच्या आत हवा. ५ टक्क्यांच्या वर गेला तर मोटर चालवूच नये.

व्होल्टेज खाली बसत असेल तर त्याचा परिणाम नुसत्या टक्केवारीतून कळत नाही. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज ९० टक्के राहिलं तर टॉर्क ८१ टक्के, ८० राहिलं तर ६४. बारीक केबल, लांबचा ट्रान्सफॉर्मर, जनरेटरवर चालणारा पॅनल, या सगळ्यांत मोटर मधल्याच वेगावर अडकून पडते. केबल जाड करणं किंवा मोटर ट्रान्सफॉर्मरजवळच्या फीडरवर घेणं हा खरा उपाय आहे. ब्रेकर वाढवून व्होल्टेज सुधारत नाही.

नेमप्लेटवरची जोडणी मात्र हमखास बघा, विशेषतः मोटर नुकतीच रिवाइंड होऊन आली असेल तर. ४०० व्होल्ट डेल्टा, ६९० व्होल्ट स्टार असं लिहिलेली मोटर ४०० च्या लाइनवर चुकून स्टारमध्येच राहिली, तर टॉर्क एक तृतीयांश होतो आणि भार असेल तर ती वेगच घेत नाही. उलट २३० डेल्टा, ४०० स्टारची मोटर ४०० वर डेल्टात जोडली, तर कोअर संपृक्त होतो आणि ती रिकामी असतानाही भरमसाट करंट ओढते. रिवाइंडिंगमध्ये एका फेजची टोकं उलटी लागली तरी मोटर घुमते, थरथरते आणि तिन्ही करंट वेडेवाकडे येतात.

विद्युत बाजू ठीक वाटली की भार वेगळा करा. कपलिंग सोडा किंवा पट्टे उतरवा आणि मोटर एकटी चालवा. मोटर एकटी झटकन वेग घेत असेल आणि करंट फुल लोडच्या साधारण २५ ते ५० टक्क्यांवर येऊन स्थिरावत असेल, तर दोष भाराकडे आहे. एकटी असूनही धडपडत असेल तर मोटर किंवा सप्लाय. माझ्या मते या पूर्ण तपासातली सर्वांत जास्त बोलणारी चाचणी हीच आहे, आणि मेहनतीच्या भीतीने लोक ती शेवटी ढकलतात.

भाराकडे दोष असेल तर यंत्राचा स्वभाव ओळखा. सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केला तर कमी ताकद मागतो, सेंट्रिफ्यूगल पंखाही डँपर बंद असताना. पण अ‍ॅक्सियल पंपाचं उलट आहे : त्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तर ताकद वाढते. गिअर पंप किंवा पिस्टन पंपाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तर कधीच सुरू करू नका, दाब वाढून काहीतरी फुटेल. काँप्रेसर असेल तर अनलोडर खरोखर उघडतोय का बघा. मागच्या वेळचा दाब सिलिंडरवर तसाच राहिला असेल तर मोटरला सुरुवातीलाच तो ढकलावा लागतो.

जड पात्याच्या ब्लोअरला वेग घ्यायला १५-२० सेकंद लागू शकतात आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. अशा वेळी ओव्हरलोड रिलेचा ट्रिप क्लास बघा. सेटिंगच्या ७.२ पट करंटला क्लास १० चा रिले ४ ते १० सेकंदांत पडतो, क्लास २० चा ६ ते २० सेकंदांत, क्लास ३० चा ९ ते ३० सेकंदांत. क्लास १० काढून २० लावणं योग्य ठरू शकतं, पण मोटर तेवढा वेळ लॉक्ड रोटर करंट (रोटर थांबलेला असतानाचा करंट) सहन करते का, हे तिच्या डेटाशीटमध्ये बघून मगच. थंड मोटर आणि गरम मोटर यांची मुदत वेगळी असते. मानकांनुसार बनलेली मोटर साधारणपणे थंड असताना लागोपाठ दोनदा आणि गरम असताना एकदाच सुरू करायची असते. दोनदा पडल्यावर तिसऱ्यांदा लगेच बटण दाबणं चुकीचं, ते याच कारणाने.

पायरी ६ : स्टार-डेल्टा, सॉफ्ट स्टार्टर, ड्राइव्ह

स्टार-डेल्टात लाइनचा करंट एक तृतीयांश होतो आणि टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो. बदलताना ब्रेकर पडत असेल तर टायमर पाहा. स्टारमध्ये मोटर पूर्ण वेगाच्या ८०-९० टक्क्यांवर पोचायच्या आधीच डेल्टा लागला, तर डीओएलसारखाच, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू केल्यासारखाच, झटका बसतो. अमीटरचा काटा खाली येऊन स्थिर झाला की बदलायची वेळ झाली. काटा वरच अडकून राहत असेल, तर स्टारचा टॉर्क या भाराला पुरत नाही आणि टायमर कितीही वाढवून उपयोग नाही.

बदलताना मोटर क्षणभर मोकळी होते आणि पुन्हा जोडली जाते. टायमर बरोबर असूनही तिथे उसळी येते, आणि डेल्टाच्या टोकांचा फेजक्रम गैरसोयीचा लागला असेल तर ती आणखी वाढते. स्टार्टर बनवणाऱ्याने दिलेली आकृती टोकाटोकाने ताडून पाहा. 'फिरण्याची दिशा बरोबर आहे' एवढ्यावर भागत नाही.

रिले वाइंडिंगच्या वाटेत, म्हणजे डेल्टाच्या आत बसवलेला असेल तर त्याची सेटिंग नेमप्लेट करंटच्या ०.५८ पट हवी. वरच्या १३४ अँपिअरच्या मोटरला ७८. तिथे १३४ ठेवली तर मोटरला संरक्षणच उरत नाही, आणि लाइनमध्ये बसवलेल्या रिलेवर ७८ ठेवली तर तो सारखा पडत राहील.

सॉफ्ट स्टार्टरवर करंट मर्यादा साधारण फुल लोडच्या ३ ते ४ पट ठेवतात. मर्यादा फार कमी आणि रॅम्प फार लांब ठेवला तर मोटर हळूहळू, तापत, वेळ काढत राहते आणि थर्मल पडतो. मऊ सुरुवात म्हणून सगळं कमीत कमी ठेवण्याची चूक फार जण करतात. सॉफ्ट स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला पॉवर फॅक्टर कपॅसिटर कधीही नको.

ड्राइव्हवर चालणारी मोटर लाइनमधून मोठी उसळी घेत नाही. तिथे ब्रेकर पडला तर ड्राइव्हच्या आतला बिघाड किंवा अर्थ-लीकेजचा प्रकार बघा. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थकडे जातो, त्यामुळे साधं अर्थ-लीकेज उपकरण विनाकारण पडू शकतं. तीन फेज ड्राइव्हला टाइप बी, म्हणजे डीसी गळतीही ओळखणारं उपकरण लागतं.

उन्हाळ्यात किंवा दुपारीच पडतो

थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी बहुधा ४० अंशांना आणि एमसीबी ३० अंशांना जुळवलेला असतो. बंद पॅनलमध्ये तापमान त्याच्या वर गेलं की ब्रेकर लिहिलेल्या आकड्याच्या आधीच पडतो. ढिल्या लगची उष्णताही केबलवाटे आतल्या द्विधातू पट्टीपर्यंत पोचते. तिन्ही टर्मिनलचं तापमान इन्फ्रारेड मीटरने ताडून बघा. एकच टर्मिनल जास्त तापत असेल तर वीज बंद करून ते उघडा, घासून साफ करा आणि टॉर्क रेंचने सांगितलेल्या ताणाला आवळा.

दुरुस्तीनंतर

मोटर नीट सुरू झाली की लगेच निघू नका. सलग तीन वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन, ती सुरू करून बघा. प्रत्येक वेळी तिन्ही फेजचा करंट, सुरू होतानाचं किमान व्होल्टेज आणि पूर्ण वेगात यायला लागलेले सेकंद लिहा. ब्रेकर आणि रिलेच्या सेटिंग कुठे होत्या आणि आता कुठे आहेत, तेही तारखेसह लिहा. हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी मोटरला वेग घ्यायला ९ च्या ऐवजी १४ सेकंद लागताना दिसले, तर ब्रेकर पडण्याच्या आधीच कपलिंग सोडून बेअरिंग बघता येईल.